ती उसळी पुसू नकोस

प्रिय,

तुझं पत्र आणि सोबतचा आलेख पाहिला. रात्रभर सपाट चाललेली विहिरीतल्या पाण्याची पातळी, पहाटे एक नोंद सोळा सेंटिमीटर वर, पुढची नऊ सेंटिमीटर खाली, मग पुन्हा सपाट. पाऊस नाही, जवळपास उपसा नाही. 'यंत्राचा दोष समजून या दोन नोंदी काढून टाकू का? भूकंप झाला होता, पण तो तीन हजार किलोमीटरवर,' असं विचारतेस.

काढू नकोस. मूळ नोंद पुसायची नाही.

तीन हजार किलोमीटर हे काही फार अंतर नाही. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळ धरणी हलली, तेव्हा सुमारे १६,००० किलोमीटरवर, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, ख्रिश्चन्सबर्गच्या विहिरीत पाणी जवळपास ९० सेंटिमीटर वरखाली झालं. भूकंपाच्या, भूपृष्ठालगत पसरणाऱ्या रेले लाटा जाता जाता खडक किंचित दाबतात आणि सैल सोडतात. बंदिस्त जलधरातल्या, म्हणजे पाणी न झिरपणाऱ्या थरांमध्ये कोंडलेल्या पाणीधर खडकातल्या, पाण्याला बाजूला सरकायला जागा नसते, म्हणून तिथला दाब बदलतो आणि विहिरीच्या अरुंद नळीत पाणी ढकललं जातं. नळीतल्या पाण्याच्या स्तंभाला स्वतःची एक लय असते. ती लाटेच्या लयीशी जुळली तर हालचाल कितीतरी पटींनी वाढते. म्हणूनच एक विहीर उसळते आणि तिच्या शेजारची ढिम्म राहते. उघड्या, उथळ जलधरातली विहीर सहसा अशी बोलत नाही. तुझी कोणती आहे ते लिहिलं नाहीस. ते आधी बघ.

आणखी एक. या लाटांचा आवर्तनकाळ साधारण वीस सेकंद, आणि तुझं यंत्र वाचतं पंधरा मिनिटांनी एकदा. म्हणजे तुझे सोळा सेंटिमीटर ही लाटेची उंची नव्हेच. त्या क्षणी पाणी जिथे होतं तेवढंच तुला कळलं. खरी हालचाल याहून मोठी असणार. नोंदींमधलं अंतर कमी कर, यंत्राची स्मृती भरली तरी चालेल.

आता मी इतकं का ताणून धरतोय ते सांगतो. एका विहिरीच्या चौदा वर्षांच्या नोंदी माझ्या हातात होत्या. त्यातली पहिली सहा वर्षं मी 'स्वच्छ' केली, तीही मूळ फाइलवरच. २६ डिसेंबर २००४ त्यात येतो. आज त्या दिवशी तिथे दोन बिंदू जोडणारी गुळगुळीत रेषा आहे. ती पाण्याची नाही, माझी आहे. ती विहीर त्या दिवशी हलली की नाही हे आता कुणालाच कळणार नाही.

१९६४ च्या अलास्काच्या भूकंपात अमेरिकेतल्या सातशेहून अधिक विहिरींत पाणी हलल्याचं आपल्याला माहीत आहे. नोंदयंत्राच्या संथ फिरणाऱ्या कागदावर लेखणीने एक जाड उभी रेघ ओढली होती आणि ती डाग समजून कुणी फाडून टाकली नाही, म्हणून माहीत आहे.

माझ्या त्या चुकीनंतर मी एकही नोंद पुसू दिली नाही. एका अहवालासाठी सहकाऱ्यांना 'नीटस' आलेख हवा होता. मी नकार दिला, काम वर्षभर रखडलं, दोन माणसं कायमची दुरावली. हेकट म्हणाले. असेन. पण सावरलेली प्रत वेगळी ठेवा आणि मूळ जशीच्या तशी राहू द्या, एवढंच मागत होतो. ते जास्त होतं असं मला आजही वाटत नाही.

शेवटी तू विचारलंस की यावरून भूकंप आधी कळेल का. इथे माझा धीर सुटतो. १९७५ मध्ये चीनमधल्या हाइचेंगला आगाऊ इशारा दिला गेला. त्यात पूर्वकंपांचा वाटा मोठा होता, विहिरींतले बदलही नोंदले गेले होते. पुढच्याच वर्षी तांगशानला तसा इशारा मिळाला नाही आणि दोन लाख चाळीस हजारांहून अधिक माणसं गेली. हललेल्या दिवसांचीच वही ठेवली की प्रत्येक उसळी शकुन वाटायला लागते. भूकंप आला आणि विहीर हलली नाही, तो दिवसही लिही. विहीर हलली आणि भूकंप कुठेच नव्हता, तोही लिही. मूळ नोंद पुसायची नाही, याचा हाही अर्थ आहे.

आणि उसळीनंतरचे आठ-दहा दिवस नीट बघ. काही विहिरींत लाटा गेल्यावरही पातळी बदललेलीच राहते. भेगांत अडकलेला गाळ हलतो आणि पाण्याची वाट मोकळी होते. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात ग्रँट्स पासजवळच्या विहिरीसाठी संशोधक ब्रॉडस्की आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हेच स्पष्टीकरण मांडलं. तुझ्या आलेखात उसळीनंतरची रेषा आधीपेक्षा किंचित खाली दिसते आहे. माझी नजर चुकत असेल, कारण तू पाठवलेल्या चित्रात ती बारीक आहे. हवेचा दाब आणि चंद्र-सूर्याच्या ओढीने खडकात भरती-ओहोटीसारखा येणारा ताण यांचा परिणाम वजा केल्याशिवाय त्यावर एक शब्दही लिहू नकोस.

यंत्राचं घड्याळ जागतिक वेळेशी ताडून पाहा, तीन-चार मिनिटांचा फरक असला तरी कळव. आणि फाइल उद्याच पाठव. मूळ, सावरलेली नको.

तुझा,
एक जुना निरीक्षक