निमवैद्यकीय म्हणजे अर्धे कोण?

एका फिजिओथेरपिस्ट ताईंचा प्रश्न: रुग्णालयाच्या पत्रकात 'डॉक्टरांचा चमू व निमवैद्यकीय कर्मचारी' असं छापतात, सगळ्यांना मिळून एकच शब्द नाही का?

चमू, पथक, संघ यांचे अर्थ सांगत बसत नाही. माझं डोकं उठतं ते 'निमवैद्यकीय'वर. पक्षाघात झालेल्याला पुन्हा चालायला, गिळायला, बोलायला शिकवणारी माणसं अर्धी कशी? 'पॅरामेडिकल'मधला 'पॅरा' ग्रीक. त्याचा अर्थ 'शेजारी'. अर्धं म्हणजे 'सेमी'! 'निमलष्करी'च्या साच्यात कुणीतरी हा शब्द ओतला असणार. आणि हा 'निम' कोणता? 'नीम हकीम खतरे जान'मधलाच. म्हणजे सहकाऱ्यांना आपण छापील अर्धवट वैद्य म्हणतोय.

खरी गंमत पुढेच आहे. फारसी 'नीम' आणि संस्कृत 'नेम' हे चुलतभाऊ. नेम म्हणजे अर्धा. (नेम धरतो तो नव्हे आणि नेमधर्मातलाही नव्हे; तो 'नियम'.) पाणिनीने तर 'प्रथमचरमतयाल्पार्धकतिपयनेमाश्च' या सूत्रात अर्ध आणि नेम एकाच माळेत ओवलेत. मग आपला 'निम्मा' फारसीच, असं डोळे झाकून का सांगतात? माझ्या मते तो थेट नेमाचा नातू. फारसी नीममध्ये हा दुहेरी 'म्म' कुठे आहे, ते दाखवा! महसुलात फारसी शब्द खंडीभर आहेत, कबूल. म्हणून शेतातला प्रत्येक निम्मा वाटा दिल्लीहून आला असं थोडंच आहे?

या कर्मचाऱ्यांसाठीच्या २०२१च्या केंद्रीय कायद्याने 'पॅरामेडिकल' सोडून 'अलाइड' धरला. त्याचं मराठीत 'संलग्न' करतात. शेपूट जोडल्यासारखं वाटतं.

त्यापेक्षा आयुर्वेदातला चरक बरा. चरकसंहितेतल्या सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात तो उपचाराचे चार पाद सांगतो: वैद्य, द्रव्य, उपस्थाता, म्हणजे शुश्रूषा करणारा, आणि रोगी. या 'पादा'चाच मराठीत 'पाव' झाला. उपस्थाता पाव, तसा वैद्यही पावच! चरक वैद्याला प्रधान म्हणतो हे मलाही ठाऊक आहे; हिस्सा मात्र वाढवून देत नाही.

हां, तुमचा प्रश्न. 'उपचार पथक' लिहा, खाली प्रत्येकाचं नाव आणि काम. चमू नको. चमू ही मुळात सैन्याची तुकडी; अक्षौहिणीच्या हिशेबात एका चमूला ७२९ हत्ती लागतात. तुमच्या लिफ्टमध्ये मावायचे नाहीत.