तैलरंगातल्या पोर्ट्रेटमध्ये छायाप्रकाशाचं नाट्य कसं आणावं?

चेहरा हुबेहूब जमतो, पण त्वचेच्या रंगात काळा मिसळून सावली केली की ती राखाडी, मळकट दिसते, असं तुम्ही लिहिलंय. दोष एकट्या काळ्याचा नाही. त्वचेच्या रंगात आधीच पांढरा असतो आणि सावली राखाडी होते ती दोघांच्या मिश्रणाने. सावलीतून पांढरा शक्यतो बाहेरच ठेवा. बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी आणि अल्ट्रामरीन ब्लू हा गडद निळा मिसळून जो गडद रंग मिळतो, तो ट्यूबमधल्या काळ्यापेक्षा कितीतरी जिवंत असतो.

प्रकाश एकाच दिव्याचा, बाजूने आणि थोडा वरून घ्या. नाकाची सावली गालाच्या सावलीला मिळेपर्यंत दिवा सरकवला की अंधाऱ्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा त्रिकोण उरतो. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या नावाने ओळखली जाते ती हीच प्रकाशयोजना.

मग डोळे किलकिले करून बघा. डोळ्याची खोबण, नाकाची बाजू, गळा आणि मागची भिंत मिळून एकच गडद आकार दिसेल. तोच बर्न्ट अंबर टर्पेंटाइनने पातळ करून सलग भरा. माझ्या मते अर्धं चित्र इथेच ठरतं. सावलीत डोळा आहे हे आपल्याला माहीत असतं, म्हणून हात तो पापणीसकट रंगवायला जातो आणि सगळा अंधार फुटतो. इटालियन चित्रकार कॅराव्हॅज्योची (१५७१–१६१०) चित्रं पाहा: खांदे, पाठी, कधी अर्धे चेहरेही त्याने काळोखात खुशाल सोडून दिलेत. जबड्याखाली परतून आलेला उजेडही असाच फसवतो. तो कितीही उजळ भासला तरी प्रकाशातल्या सर्वांत गडद छटेहून गडदच ठेवा.

सावली पातळ, उजेड जाड. कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचं हाड इथे रंग भरपूर लावा. टायटॅनियम व्हाइट नुसता लावला तर त्वचा खडूसारखी पडते, म्हणून त्यात किंचित यलो ऑकर (मातकट पिवळा) घाला. कडा सगळ्या सारख्या नकोत: नाकाची पडछाया नाकाजवळ धारदार, पुढे मऊ, कपाळाच्या गोलाईवर मात्र उजेड हळूहळू विरू द्या.

वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल जास्त हवं, नाहीतर पुढे तडे जातात. अंबरचे भाग वाळल्यावर फिके, निस्तेज दिसले तर लगेच आणखी गडद करू नका. पूर्ण वाळलेल्या थरावर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून जादाचं तेल कापडाने पुसा. मूळ गडदपणा परत दिसेल, आणि मगच पुढचा रंग ठरवा.