नव्या गळ्यासाठी रिफमध्ये जागा

प्रिय मित्रा,

तुमच्या बँडचा नवा गायक चांगला आहे, पण तुमची गाणी त्याच्या गळ्यात बसत नाहीत, असं तू लिहिलंस. त्याला आणखी घोकायला लावण्याआधी ब्लॅक सॅबथ या इंग्लिश हेवी मेटल बँडचे दोन अल्बम लागोपाठ ऐक : १९७०चा 'पॅरानॉइड' आणि १९८०चा 'हेवन अँड हेल'. दोन्हीकडे गिटारवर टोनी आयोमी, बासवर गीझर बटलर, ड्रम्सवर बिल वॉर्ड. तरीही बँड दुसराच वाटतो.

'पॅरानॉइड'वरच्या 'आयर्न मॅन'मध्ये तेव्हाचा गायक ऑझी ऑझबर्न जे गातो ते गिटारवर वाजवून बघ. रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट, आणि गाण्याची चाल जवळजवळ एकच आहे. आवाज रिफला चिकटून चालतो, आणि त्या गाण्यातली भीती त्यातूनच येते. १९७९मध्ये ऑझीला काढलं आणि रॉनी जेम्स डिओ आला. डिओ रिफच्या मागे जात नाही. रिफला आडवा छेद देत, लांब स्वर धरून गातो. लहानपणी तो ट्रम्पेट शिकला होता, आणि श्वासावरची पकड तिथूनच आली असं तो सांगायचा. अशा गळ्याखाली रिफ सतत गरजत राहिला तर दोघंही वाया जातात. म्हणून 'हेवन अँड हेल' या गाण्यात कडवं सुरू झालं की आयोमी तो भलामोठा रिफ थांबवतो. बास एकाच स्वरावर धावत राहतो, गिटार मधूनच हळू बोलते, बाकी सगळी जागा डिओची. आयोमीने घेतलेल्या निर्णयांत मला हा सर्वांत मोठ्या मनाचा वाटतो.

पट्टीचंही तेच. १९७१च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'तल्या काही गाण्यांत आयोमीने तारा दीड स्वर खाली उतरवल्या होत्या. डिओबरोबर 'हेवन अँड हेल'वर तो अर्ध्या स्वरावरच थांबला. आपल्या मैफलीत गायकाची पट्टी ठरल्यावर तानपुरा लागतो. तुमच्याकडे तू ट्यूनिंग आधी ठरवतोस आणि मग त्या पोराने तिथे पोहोचायचं! आधी त्याचा आवाज कुठे मोकळा सुटतो ते ऐक.

शब्दही त्याला लिहू दे. ऑझीच्या काळात बहुतेक गाण्यांचे शब्द बटलर लिहायचा; डिओ आला तो स्वतःचे शब्द घेऊनच.

जुन्या गाण्यांबद्दल मात्र भाबडा राहू नकोस. १९८२मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या 'लाइव्ह ईव्हल' या लाइव्ह अल्बमवर डिओने 'आयर्न मॅन' गायलंय. आवाजात कमतरता काहीच नाही, पण गाणं मला परकं वाटतं, कारण ती चाल त्याच्यासाठी बांधलेलीच नव्हती. तुमच्यातली दोन-तीन गाणी अशीच असतील. ती सरळ बाजूला ठेव, लोकांनी कितीही मागणी केली तरी.

येत्या सरावाला एकच नवा रिफ घेऊन जा, तोही अर्धवट. कडव्यात फक्त बास आणि ड्रम्स वाजू देत, तू हात तारांवरून काढ आणि तो काय गातो ते फोनवर रेकॉर्ड कर. मग उरलेला रिफ त्याच्या चालीभोवती बांध. ते रेकॉर्डिंग मला पाठव, कच्चं असलं तरी चालेल.

तुझा,
दादा