चार्ज कार्ड देणाऱ्या कंपनीशी संबंध चांगले कसे ठेवावेत?

तुम्ही विचारले आहे की, चार्ज कार्ड (महिन्याचे बिल दरवेळी पूर्णच भरावे लागते असे कार्ड) घेऊन काही महिने झाले, बिले वेळेवर भरली, तरीही ‘खर्चाला ठरावीक मर्यादा नाही’ असे सांगितलेल्या या कार्डावर एक मोठा व्यवहार नाकारला गेला आणि पाठोपाठ कंपनीने उत्पन्नाची कागदपत्रे मागितली. यात तुमचे काय चुकले आणि यापुढे कंपनीशी कसे वागावे? मी एका व्यवसायाचे हिशेब पाहते. चार्ज कार्डांची बिले, त्यांवरील तक्रारी आणि कंपनीशी होणारा पत्रव्यवहार ही माझ्या रोजच्या कामातली बाब आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आधी तातडीचे सांगते. कागदपत्रांची मागणी खरोखर कंपनीकडूनच आली आहे का, हे कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करून पडताळा. आलेल्या संदेशातील दुव्यावर जाऊन काहीही पाठवू नका. मागणी खरी असेल तर ती अपमान समजू नका आणि टाळूही नका. अशा चौकशीत मुख्यतः अर्जात लिहिलेले उत्पन्न आणि कर विवरणपत्रातील उत्पन्न यांचा मेळ पाहिला जातो. स्वतःचा व्यवसाय असणारे अनेक जण अर्जात उत्पन्न म्हणून उलाढालीचा आकडा लिहितात आणि विवरणपत्रात अर्थातच खर्च वजा जाता उरलेली रक्कम असते. तुमच्या बाबतीत अशी तफावत असेल तर ती कंपनीला सापडण्याची वाट न पाहता कागदपत्रांसोबतच लेखी खुलासा द्या. चौकशी पूर्ण होईपर्यंत कार्ड थांबवले जाऊ शकते, त्याच कंपनीची तुमची दुसरी कार्डेही थांबू शकतात, पण आधीच्या खर्चाचे बिल मात्र ठरलेल्या तारखेलाच भरावे लागते. मुदत उलटली किंवा नकार दिला तर खाते बंद होण्याचीच शक्यता अधिक असते.

आता हे का घडले ते पाहू, कारण पुढचे सारे त्यावरच अवलंबून आहे. साध्या क्रेडिट कार्डावर ग्राहकाने किमान रक्कम भरून बाकी पुढे ढकलली तर बँकेला व्याज मिळते, त्यामुळे थोडी ओढाताण करणारा ग्राहकही तिला चालतो. चार्ज कार्डाची घडण वेगळी आहे. १९५० साली डायनर्स क्लबने आणि १९५८ साली अमेरिकन एक्स्प्रेसने आपले कार्ड आणले तेव्हापासून मूळ करार हाच आहे की, महिन्याचे संपूर्ण बिल एकरकमी भरायचे. काही कंपन्या आता ठरावीक खर्चांपुरती हप्त्यांची सोय व्याज लावून देतात, पण ती या कराराला दिलेली जोड आहे. कंपनीची मुख्य कमाई वार्षिक शुल्कातून आणि विक्रेत्यांकडून घेतल्या जाणाऱ्या कमिशनातून होते. म्हणजे तुम्ही भरपूर खर्च करावा हे तिला हवेच असते, मात्र तेवढीच रक्कम पुढच्या महिन्यात पूर्ण परत येईल याची खात्रीही तिला हवी असते. म्हणून मर्यादा एकदाच ठरवून देण्याऐवजी ती प्रत्येक व्यवहाराच्या वेळी नव्याने ठरवली जाते. तुमचा आजवरचा खर्च, भरणा करण्याची सवय, इतरत्र असलेले कर्ज आणि सांगितलेले उत्पन्न यांवरून त्या क्षणी होकार किंवा नकार येतो. ज्या कंपन्या कार्डही देतात आणि व्यवहारांचे जाळेही स्वतःच चालवतात, त्यांना ग्राहक व विक्रेता या दोन्ही बाजूंची माहिती असल्यामुळे त्यांचा अंदाज बराच बारीक असतो. नव्या खात्यावर नेहमीच्या कितीतरी पट मोठी रक्कम अचानक आली की तो अंदाज कोलमडतो. माझ्या मते तुमच्या बाबतीत तेवढेच घडले असावे, आणि त्यात दोष देण्यासारखे काही नाही. कंपनीला तुमचा अंदाज बांधता यावा असे वागणे, हेच तिच्याशी संबंध चांगले ठेवण्याचे मर्म आहे.

या दृष्टीने सर्वांत जास्त वजन भरण्याला आहे. संपूर्ण रक्कम आपोआप वळती होण्याची सूचना बँकेला देऊन ठेवावी, पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नये, कारण खात्यात पैसे कमी असल्यामुळे परत गेलेला भरणा हा एक-दोन दिवसांच्या उशिरापेक्षाही वाईट मानला जातो. उशीर विसरण्यामुळे होऊ शकतो, परत गेलेला भरणा मात्र पैसे नसल्याचे सांगतो. स्टेटमेंट तयार झाले की त्यातली प्रत्येक ओळ वाचून, एकूण रक्कम वहीत मांडून, वळती होण्याच्या दोन दिवस आधी बँकेतील शिल्लक पाहायची, ही पद्धत मी कधी मोडत नाही. उशीर झाला तर दंड लागतोच, शिवाय काही कंपन्या त्या महिन्याचे रिवॉर्ड पॉइंटही रद्द करतात आणि ते परत मिळवण्यासाठी वेगळे शुल्क मागतात. दुसरे असे की, महिन्यात अनेकदा थोडे थोडे भरून लगेच तेवढाच खर्च पुन्हा करत राहणे काहींना शिस्तीचे वाटते, पण कंपनीला त्यात रोखीची चणचण दिसू शकते.

मोठी खरेदी करायची असेल तर आधी विचारावे. काही चार्ज कार्डांच्या ॲपमध्ये ठरावीक रक्कम मंजूर होईल का, हे तपासण्याची सोय असते. रक्कम टाकली की हो किंवा नाही असे उत्तर येते. उत्तर नकारार्थी आले तर मी फोन करते आणि काय घ्यायचे आहे, अंदाजे केव्हा, आणि बिलाची रक्कम कोणत्या खात्यातून भरली जाईल एवढे स्पष्ट सांगते. समोरची व्यक्ती बहुधा याच तीन गोष्टी विचारते आणि त्या खात्यावर नोंदवून ठेवते. कधी काही रक्कम आगाऊ भरण्यास सांगितले जाते, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. न विचारता दुकानात कार्ड पुन्हा पुन्हा घासत राहिल्याने मात्र फसवणुकीचा संशय येतो आणि कार्ड तिथेच अडकते.

व्यवहाराबद्दलच्या तक्रारींकडे लोक पुरेसे लक्ष देत नाहीत, असे मला सतत जाणवते. माल आला नाही, चुकीचा आला किंवा रक्कम जास्त लागली तर तक्रार करण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे आणि चार्ज कार्ड बाळगण्याचा तो एक मोठा फायदाही आहे. पण आधी विक्रेत्याला लिहावे, त्याचे उत्तर जपून ठेवावे आणि मग कंपनीकडे जावे. तक्रारीतली रक्कम तेवढी वेगळी काढून बाकीचे बिल वेळेवर भरावे. रागाच्या भरात संपूर्ण बिल अडवून धरले तर न्याय्य तक्रारीचेही थकबाकीत रूपांतर होते. आपण स्वतः किंवा घरातल्या कोणी केलेला व्यवहार ‘मी केलाच नाही’ असे सांगून फसवणूक म्हणून नोंदवणे तर कधीच करू नये. विक्रेत्याकडे पोच, पत्ता आणि सही असते, आणि एकदा असा खोटा दावा उघड झाला की पुढचा खरा दावाही संशयाने पाहिला जातो. जोडकार्ड (आपल्याच खात्यावर दुसऱ्याच्या नावाने घेतलेले कार्ड) कोणाला दिले असेल तर त्यावरच्या खर्चाची जबाबदारीही मुख्य कार्डधारकाचीच असते, हे देण्यापूर्वीच बोलून घ्यावे.

बक्षिसांच्या बाबतीतही मोह आवरावा. सुरुवातीचा बोनस मिळवण्यासाठी गिफ्ट कार्डे विकत घेणे, वस्तू घेऊन बोनस जमा झाल्यावर परत करणे किंवा वर्ष पूर्ण होण्याआधी कार्ड बंद करणे या गोष्टी अनेक कंपन्यांच्या अटींमध्ये स्पष्ट नमूद असतात, आणि त्या केल्यास दिलेले पॉइंट परत घेतले जातात. अटींचे ते पान कंटाळवाणे असते, तरीही अर्ज करण्यापूर्वी एकदा पूर्ण वाचावे.

पत्ता, फोन, नोकरी किंवा उत्पन्न बदलले तर लगेच कळवावे. उत्पन्न घटल्याचे कळवायला संकोच वाटतो हे मी समजू शकते, पण बिल भरणे जमणार नाही असे दिसताच देय तारखेच्या आधी फोन केलेल्या ग्राहकासाठी हप्ते किंवा दंडात सवलत असे काही मार्ग खुले असतात. तारीख उलटून वसुली विभागाचा फोन आल्यावर त्यांतले बरेचसे बंद झालेले असतात. फोनवर जे ठरेल ते त्याच दिवशी लेखी पाठवून ठेवावे.

पुढे कधी कार्ड नको वाटले तर वार्षिक शुल्क लागण्याच्या थोडे आधी कंपनीशी बोलावे. कधी शुल्कात सूट मिळते, कधी कमी शुल्काचे कार्ड बदलून मिळते. तरीही बंदच करायचे असेल तर आधी पॉइंट वापरून घ्यावेत, दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गण्या दुसऱ्या कार्डावर न्याव्यात आणि खाते बंद झाल्याचे लेखी पत्र मागावे. त्यानंतरही पुढची एक-दोन स्टेटमेंट तपासावीत, कारण एखादी राहून गेलेली वर्गणी बंद खात्यावरही लागू शकते आणि तेवढ्या किरकोळ रकमेची थकबाकी तुमच्या क्रेडिट अहवालात नोंदली जाऊ शकते.