सिगारेट सुटली आणि मान पुन्हा झटकू लागली

गेल्या काही वर्षांत एक काळजी माझ्यासमोर इतक्या वेळा आणि इतक्या सारख्या शब्दांत आली आहे, की तिच्याविषयी एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. सिगारेट सोडून दोन-चार आठवडे झालेली प्रौढ व्यक्ती समोर बसते आणि सांगते, की लहानपणी असलेले आणि मधल्या काळात जवळजवळ विसरलेले डोळे मिचकावणे, मान झटकणे किंवा घसा खाकरणे पुन्हा सुरू झाले आहे. त्यामागोमाग प्रश्न येतो : सिगारेटमुळेच हे दबून राहिले होते का, आणि तसे असेल तर ती सोडण्यात माझी चूक झाली का? याचे प्रामाणिक उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून एका गृहस्थांच्या अनुभवाच्या आधाराने ते मांडते. त्यांना इथे अनंतराव म्हणू. त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि चार महिन्यांच्या भेटींतील मोजकेच संवाद घेतले आहेत.

अनंतराव बेचाळीस वर्षांचे, हिशेबाच्या कामात मुरलेले. आठव्या वर्षी डोळे मिचकावण्याने सुरुवात झाली, पुढे मान उजवीकडे झटकू लागली, शाळेत त्यावरून नावे ठेवली गेली, आणि विशीपर्यंत ते आपोआप बरेच ओसरले. त्याच सुमारास सिगारेट सुरू झाली, ती वीस वर्षे दिवसाला बारा-चौदा या प्रमाणात चालली. ती त्यांनी एका दिवसात, कोणत्याही मदतीशिवाय बंद केली आणि नवव्या दिवशी एका बैठकीत त्यांची मान झटकली. माझ्याकडे आले तेव्हा तिसरा आठवडा संपत होता. सोबत पत्नी होत्या आणि पहिल्या दहा मिनिटांतच त्या काकुळतीने त्यांना म्हणाल्या, "अहो, एवढा त्रास होणार असेल तर दिवसातून एखादी ओढत जा. मला हे बघवत नाही."

त्या वाक्यात माया होती आणि थोडे तथ्यही होते, म्हणून मी ते खोडून काढले नाही. अशा आकस्मिक, पुन्हापुन्हा होणाऱ्या हालचालींना किंवा आवाजांना आपण टिक्स म्हणतो. हालचालींचे अनेक आणि आवाजाचा किमान एक असे टिक्स लहानपणापासून वर्षाहून अधिक काळ असतील, तर त्या स्थितीला टूरेट सिंड्रोम हे नाव आहे. १८८५ साली नऊ रुग्णांचे वर्णन करणाऱ्या जॉर्ज जिल द ला तूरेत या फ्रेंच वैद्यावरून ते पडले. टिक्सचा संबंध मेंदूच्या खोल भागातील बेसल गँग्लिया या केंद्रांशी आणि तिथे काम करणाऱ्या डोपामिन या रसायनाशी आहे. कोणती हालचाल होऊ द्यायची आणि कोणती अडवायची, याची निवड तिथे होते. निकोटिन याच यंत्रणेत हस्तक्षेप करते. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेतील काही संशोधकांनी टिक्स कमी करण्यासाठी हॅलोपेरिडॉल हे औषध घेणाऱ्या रुग्णांना त्याच्या जोडीला निकोटिनचे च्युइंग गम आणि पुढे त्वचेवर लावायचे पॅचही देऊन पाहिले, आणि काहींचे टिक्स काही काळ कमी झालेले त्यांना दिसले. मळमळ आणि त्वचेची खाज यांचा त्रासही झाला आणि तो उपचार रुळला नाही. तेव्हा निकोटिनचा टिक्सशी काही संबंध नाही असे मी कुणालाही सांगत नाही. मात्र त्या प्रयोगांत मोजून दिलेले औषध होते, त्यात धूर नव्हता, आणि दिवसाला चौदा वेळा चढणारी-उतरणारी पातळीही नव्हती.

ही चढ-उतार महत्त्वाची आहे. रक्तातील निकोटिन साधारण दोन तासांत निम्मे होते. म्हणजे धूम्रपान करणाऱ्याचे शरीर दिवसभर थोडे मिळणे आणि थोडे तुटणे यांच्यात हेलकावे खात असते, आणि प्रत्येक सिगारेटने वाटणारा आराम बव्हंशी आधीच्या सिगारेटने निर्माण केलेल्या अस्वस्थतेपासूनचा असतो. सिगारेट पूर्ण बंद केली की चिडचिड, बेचैनी, झोपमोड, एकाग्रतेचा अभाव ही लक्षणे पहिल्या दिवसातच सुरू होतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत तीव्र असतात आणि बहुतेकांत दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. अपुरी झोप, ताण आणि चिंता यांनी टिक्स वाढतात हे तर टिक्स असलेला प्रत्येक माणूस अनुभवाने जाणतो. मी अनंतरावांना विचारले, "या तीन आठवड्यांत सलग किती रात्री नीट झोप लागली?" ते पत्नीकडे पाहू लागले आणि पत्नीच म्हणाल्या, "एकही नाही."

झोपेचा शोध घेताना आणखी एक गोष्ट निघाली. तलफ आली की ते कॉफी पीत, आणि पूर्वी तीन कप होती ती आता सात कपांवर गेली होती. तंबाखूच्या धुरातील घटकांमुळे यकृत कॅफिनचा निचरा वेगाने करते. सिगारेट सुटली की तो वेग काही दिवसांतच मंदावतो आणि तेवढ्याच कॉफीने रक्तातील कॅफिनची पातळी जवळपास दुपटीपर्यंत जाऊ शकते. इथे तर कपही दुपटीहून अधिक झाले होते. सिगारेट सोडणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच भेटीत चहा-कॉफीविषयी विचारते, कारण हा साधा प्रश्न बहुधा कुणीच विचारलेला नसतो. त्यांनी कप हळूहळू दोनवर आणले आणि आठवड्याभरात झोप परतू लागली. मानेचे झटकेही कमी झाले, पण थांबले नाहीत.

औषधांच्या बाबतीतही हाच धागा आहे. क्लोझापिन आणि ओलॅन्झापिन यांसारख्या मनोविकारांवरील औषधांची रक्तातील पातळी सिगारेट सोडल्यावर वाढते, तेव्हा ती घेणाऱ्यांनी सोडण्याची तारीख आपल्या डॉक्टरांना आधी कळवावी. सिगारेट सोडण्यासाठी दिले जाणारे ब्युप्रोपियॉन डोपामिनवरही परिणाम करते आणि त्याने टिक्स वाढल्याच्या नोंदी आहेत, म्हणून लहानपणीचे टिक्स किरकोळ वाटले तरी डॉक्टरांच्या कानावर घालावेत. एकदम तोडणे झेपत नसेल तर निकोटिनचे पॅच किंवा गम घेऊन हळूहळू कमी करण्याचा मार्ग आहे आणि तो घेण्यात कसलीही हार नाही. अनंतरावांना मात्र ते नको होते.

दुसऱ्या भेटीत त्यांनी मला एक तक्ता दाखवला. हिशेबनीस माणूस, त्यांनी रोजचे झटके मोजून लिहिले होते. मी तो बाजूला ठेवायला सांगितला, कारण टिक्स मोजत बसणे म्हणजे दिवसभर मानेकडे लक्ष देणे, आणि लक्ष दिले की ते वाढतात. "किती वेळा झाले ते लिहू नका," मी म्हणाले. "त्रास वाटला तेव्हा कुठे होतात, जवळ कोण होते आणि त्याआधीचा तास कसा गेला, एवढेच लिहा."

पुढच्या भेटीत त्यांनी वही उघडली आणि माझ्यापुढे सरकवली. जवळजवळ सगळ्या नोंदी कार्यालयातल्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेक दुपारी चारनंतरच्या. मी विचारले, "पूर्वी चार वाजता काय करत होतात?"

"खाली जात होतो. सिगारेटला."

"खाली गेल्यावर सगळ्यात आधी काय करायचात?"

"पेटवायचो," ते म्हणाले आणि थांबले. मी काही बोलले नाही. त्यांनी डोळे मिटले, डावा हात कठड्यावर ठेवावा तसा खुर्चीच्या दांड्यावर ठेवला, आणि मान तीन-चार वेळा मोकळेपणाने उजवीकडे झटकली. मग उजवा हात खिशाकडे गेला. डोळे उघडून ते मला म्हणाले, "मॅडम, काडी ओढायच्या आधी मी हे करायचो. रोज. भिंतीकडे तोंड करून. मला आज कळतंय."

माझ्या कामातल्या ज्या क्षणांसाठी मी हा पेशा धरून आहे, त्यांपैकी हा एक. वीस वर्षे टिक्स गेलेच नव्हते. ते दिवसातून बारा-चौदा वेळा, पाच-पाच मिनिटे, जिथे कुणी पाहत नाही अशा जागी होत होते. सिगारेट ओढणारा माणूस जागेवरून उठून बाहेर का गेला, हे कुणी विचारत नाही. निकोटिनने त्यांना काही दिले असेल, पण सिगारेटने त्यांना त्याहून मोठी गोष्ट दिली होती, ती म्हणजे न लपवता असण्याची परवानगी. सोडताना त्यांनी निकोटिनसोबत ती परवानगीही सोडून दिली आणि सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सात एका खुर्चीत मान धरून बसू लागले. इतरांच्या बाबतीतही मी तेव्हापासून निकोटिनचा विचार करण्याआधी हेच शोधते : सिगारेट आणखी कोणकोणती कामे करत होती?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण अनंतरावांनी लगेच तो बोलून दाखवला. "म्हणजे दाबलेले झटके साठतात आणि मग उसळून येतात, असंच ना?" ही समजूत सर्वत्र आहे, परंतु मुलांना काही काळ टिक्स रोखायला सांगून पुढे काय होते हे पाहणाऱ्या अभ्यासांत अशी उसळी आढळलेली नाही. टिक्स साठत नाहीत, लपवणारा थकतो. कुणी पाहील का, या धास्तीने सतत सावध राहण्याचा तो थकवा असतो, आणि चिंता व थकवा हेच तर टिक्सचे खतपाणी. हा फरक बारीक वाटला तरी उपचाराची दिशा त्यावर ठरते. साठत असतील तर माणसाने स्वतःला सतत मोकळे करत राहावे लागेल. थकवा असेल तर विश्रांती द्यावी आणि भीती कमी करावी.

म्हणून आम्ही पहिले काम हे केले, की त्यांची पाच मिनिटे त्यांना सिगारेटशिवाय परत दिली. धूम्रपानाची जुनी जागा टाळून मागचा जिना ठरवला. दर दीड तासाने उठायचे, जिन्यावर जाऊन खांदे सैल सोडायचे, नाकाने सावकाश श्वास घ्यायचा आणि मान काय करते त्याकडे दुर्लक्ष करायचे. दुसरे काम त्यांना अवघड गेले. शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला त्यांनी सांगायचे होते, "माझी मान मधूनमधून झटकते, लहानपणापासूनचे आहे, त्याकडे लक्ष देऊ नका." दोन आठवडे ते टाळत राहिले. शेवटी सांगितले तेव्हा सहकारी म्हणाला, "मला वाटत होतं तुमची मान दुखते."

तिसरे काम ऊर्मीशी ओळख करून घेण्याचे. बहुतेक प्रौढांना टिकच्या आधी त्या जागी काहीतरी जाणवते, कुणाला ताण, कुणाला शिवशिव, आणि हालचाल केली की क्षणभर बरे वाटते. तलफेची घडणही तंतोतंत अशीच आहे : आतून दाटून येणे, कृती, क्षणिक सुटका, आणि त्या सुटकेमुळे पुढच्या वेळी अधिक घट्ट होणारी साखळी. माझी वर्तनोपचारावर श्रद्धा आहे आणि ती अशाच ठिकाणी पक्की होत गेली. १९७३ साली एझ्रिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी सवय पालटण्याची जी पद्धत मांडली, तिच्यातून पुढे टिक्ससाठीचा वर्तनोपचार घडला, आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत प्रौढांनाही त्याचा उपयोग होतो हे दिसले. मी अनंतरावांना म्हणाले, "तलफ येते आणि तुम्ही न ओढता बसून राहता, तेव्हा तिचे काय होते?"

"वाढते. मग जाते."

"कशाने जाते?"

ते विचार करून म्हणाले, "कशानेच नाही. आपोआप जाते."

मानेच्या ऊर्मीलाही तसेच जाऊ द्यायचे हे त्यानंतर समजावून सांगावे लागले नाही. जाणीव झाली की हनुवटी किंचित खाली आणि आत घ्यायची, मानेचे स्नायू हलकेच ताणून धरायचे, नजर समोर ठेवायची, आणि ऊर्मी ओसरेपर्यंत, साधारण एक मिनिट, तसेच राहायचे. जोर लावायचा नाही. हे तंत्र सरावाने येते आणि जाणकाराकडून शिकलेले बरे, कारण चुकीच्या ठिकाणी ताण दिला तर मान दुखू लागते.

सहाव्या आठवड्यात ते पडेल चेहऱ्याने आले. एका लग्नसमारंभात त्यांनी एक सिगारेट ओढली होती. मी दोष दिला नाही, फक्त ती पाच मिनिटे सविस्तर सांगायला सांगितली. दुसऱ्या झुरक्यानंतर, सिगारेट बोटांत असतानाच, त्यांची मान झटकली होती आणि राख नव्या सदऱ्यावर पडली होती. ती झटकत असताना त्यांच्या मनात आले, की हिच्यामुळे मी बरा होतो असे मी वीस वर्षे समजत होतो. त्यांनी ती तिथेच विझवली. एका सिगारेटवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मी त्यांना सांगितले, पण त्यांचा जो विश्वास माझ्या स्पष्टीकरणांनी हलला नव्हता तो त्या राखेने हलवला.

असा त्रास होणाऱ्यांना मी जे सांगते ते असे. सोडल्यावर काहींचे टिक्स काही आठवडे वाढतात, काहींना फरक जाणवत नाही, आणि काहींचे पुढे पूर्वीपेक्षाही कमी होतात. टिक्स मुळातच कमी-जास्त होत राहतात, त्यामुळे पहिल्या महिन्यातील वाढीवरून कायमचा निष्कर्ष काढू नये. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात सिगारेट सोडलेल्यांची चिंता, नैराश्य आणि ताण, किमान सहा आठवड्यांनंतर मोजले असता, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झालेले आढळले, आणि टिक्स असलेल्यांसाठी तर ही बातमी विशेष मोलाची आहे. घरच्यांनी "थांबव" म्हणू नये, काळजीनेही म्हणू नये. मात्र लहानपणी काहीच नसताना प्रौढपणी प्रथमच झटके सुरू झाले, ते शरीराच्या एकाच बाजूला असतील, शुद्ध हरपत असेल, तोल जात असेल किंवा नवे औषध सुरू केल्यानंतर आले असतील, तर ते सिगारेट सोडण्यामुळेच असे गृहीत न धरता मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे.

शेवटच्या भेटीला अनंतराव आणि त्यांच्या पत्नी दोघेही आले. सिगारेट सुटून चार महिने झाले होते, आणि मान अजूनही कधीतरी झटकत होती, विशेषतः महिनाअखेरच्या कामाच्या दिवसांत. पत्नींना मी विचारले, की आता दिवसातून किती वेळा होते. त्या जरा गोंधळल्या आणि म्हणाल्या, "खरं सांगू का, मी हल्ली पाहिलेलं नाही." बोलता बोलता चार वाजले, तसे अनंतराव उठून बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. पाच मिनिटांनी ते परत आले आणि अर्धवट राहिलेले वाक्य त्यांनी पुढे सुरू केले.