अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये एपी पोलची क्रमवारी कशी ठरते?

असोसिएटेड प्रेस (एपी) या वृत्तसंस्थेचा हा पोल 1936 पासून चालतो. हंगामात साठेक क्रीडापत्रकार दर आठवड्याला आपापली 25 संघांची यादी पाठवतात. पहिल्या संघाला 25 गुण, दुसऱ्याला 24, असं करत पंचविसाव्याला 1. या गुणांच्या बेरजेवरून क्रम लागतो. 60 मतदार असतील तर कमाल 1500. संघापुढे कंसात दिसतात ती पहिल्या क्रमांकाची मतं.

खरी खोट हंगामापूर्वीच्या यादीत आहे. ऑगस्टमध्ये एकही सामना न खेळता वर बसवलेला संघ जिंकत राहिला तर सहसा वरच राहतो. खालच्यांना तो हरण्याची वाट पाहावी लागते. म्हणून सुरुवातीच्या क्रमवारीवर फार भिस्त ठेवू नका. प्लेऑफचे संघ मात्र स्वतंत्र निवड समिती ठरवते, हा पोल नाही.