नेपाळमध्ये लोकशाही टिकावी म्हणून भारताने दबाव टाकावा का? नाहीतर चीन जागा घेईल ना?

२०१५ मध्ये दबाव टाकला, म्हणूनच चीनला जागा मिळाली. मी तेव्हा काठमांडूत होतो.

आम्ही खानापूर तालुक्यातले गलाईवाले. न्यू रोडच्या मागच्या गल्लीत वडिलांनी सोनं-चांदी गाळायचं दुकान टाकलं, पुढे ते मी चालवलं. एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर भारताची विमानं काही तासांत उतरली, तेव्हा गल्लीतले लोक मला, एका साध्या गलाईवाल्याला, थांबवून आभार मानायचे. २० सप्टेंबरला नवं संविधान जाहीर झालं. भारताला लागून असलेल्या तराईच्या सपाट भागातल्या मधेशींना ते अन्यायाचं वाटत होतं, दिल्लीलाही ते तसंच्या तसं नको होतं. त्या वेळचे परराष्ट्र सचिव जयशंकर दोन दिवस आधी येऊन सांगून गेले, पण सुशील कोइराला सरकार थांबलं नाही. त्यानंतर बिहारच्या सीमेवरच्या रक्सौल नाक्यावर ट्रक अडले ते थेट फेब्रुवारीपर्यंत.

गॅसचं सिलिंडर अर्धं भरून मिळायचं, तेही रांग लावून. आमची भट्टी बंद पडली. पण मी सांगतोय ते घरमालकिणीचं. सत्तरीची नेवार बाई, भूकंपात घराची मागची बाजू कोसळलेली. ऐन थंडीत ती अंगणात चूल मांडून पडलेल्या घराचं लाकूड जाळायची. एकदा जुन्या कोरीव खिडकीची चौकट हातात धरून मला म्हणाली, "हे तुमच्या सरकारने जाळायला लावलं." त्याआधी कित्येक वर्षं ती दर दसऱ्याला, म्हणजे त्यांच्या दसाईंला, आम्हाला जेवायला बोलवायची.

दिल्ली म्हणायची नाकेबंदी नाहीच, आंदोलकांमुळे ट्रक जात नाहीत. आंदोलक सीमेवर बसले होते हे खरं, पण काठमांडूत त्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. चीनने तिबेटच्या सीमेवरच्या केरुंगच्या वाटेने १३ लाख लिटर पेट्रोल फुकट दिलं. गरजेच्या मानाने ते काहीच नव्हतं, पण चर्चा त्याचीच झाली. कोइरालांनंतर पंतप्रधान झालेल्या ओलींनी मार्च २०१६ मध्ये बीजिंगला जाऊन चीनमार्गे माल आणण्याचा पारवहन करार केला आणि २०१७ ची निवडणूक भारताला ठणकावणारा नेता म्हणून लढवली. त्यांच्या डाव्या आघाडीला २७५ पैकी १७४ जागा मिळाल्या.

आमचे दाजी गावाकडे दर दिवाळीला म्हणतात, "नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही." दाजी, नाक त्या म्हातारीचं दाबलं गेलं. कोइरालांच्या घरची चूल एक दिवसही विझली नसेल.

मग करावं काय? २००५ मध्ये राजा ज्ञानेंद्रांनी सत्ता हातात घेतली तेव्हा भारताने लष्करी मदत रोखली, सामान्य माणसाचं रॉकेल नाही. त्याच नोव्हेंबरात सात पक्ष आणि माओवाद्यांचा १२ कलमी समझोता दिल्लीत झाला, सीताराम येचुरींसारख्यांनी त्यासाठी खटपट केली. राजाविरुद्धचं पुढचं आंदोलन नेपाळ्यांनीच केलं. ओलींनी दोनदा संसद विसर्जित केली, तेव्हाही २०२१ मध्ये ती दोन्ही वेळा त्यांच्याच सर्वोच्च न्यायालयाने परत उभी केली. तिथली न्यायालयं आणि वर्तमानपत्रं मजबूत राहिली तर चीनचं काय करायचं ते नेपाळी बघून घेतील. चीनच्या राजदूत बाई तिथे ओलींचा कम्युनिस्ट पक्ष एकत्र ठेवायला फिरत होत्या, तरी तो पक्ष फुटलाच.

मधेशींचं दुःख खोटं नव्हतं, हेही सांगायला हवं. त्या आंदोलनात चाळीसहून जास्त माणसं गेली आणि काठमांडूतल्या माझ्या मित्रांना त्याचं फारसं काही वाटलं नाही, याचा मला राग आहे. पण नाकेबंदीने मधेशींचंही भलं झालं नाही, उलट ते 'भारताची माणसं' ठरले.

यावर दाजी १९८९ काढतात: तेव्हा राजीव गांधींनी नाके बंद केले आणि वर्षभरात राजाची पक्षबंदीची पंचायत राजवट गेली. पण जानेवारी १९९० मध्ये गणेशमान सिंहांच्या घरी नेपाळी काँग्रेसचं संमेलन भरलं, तिथे पुढे आपले पंतप्रधान झालेले चंद्रशेखर स्वतः जाऊन राजाच्या राजधानीत लोकशाहीच्या बाजूने बोलले. पंचायत पाहिलेले लोक मला आजही त्या भाषणाबद्दल सांगतात. बंद नाक्यांचं नाव कुणी कौतुकाने घेत नाही.